सॅम मिल्स नुसत्या जिद्दीवर खेळला नाही

परवा भाच्याने एक मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, वाच. उंचीचं काही नसतं, मनात आग पाहिजे." मजकूर होता अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅम मिल्सबद्दल. बुटका म्हणून सगळ्यांनी हाकललेला एक शाळामास्तर, खेळाचा गंध नसताना निवड चाचणीला जातो, फक्त जिद्दीच्या बळावर मोठा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) होतो आणि पुढे कॅन्सरला हरवून संघाला अजिंक्यपद मिळवून देतो. हाच मजकूर मला याआधीही दोन-चार गटांतून आला आहे. मिल्सबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तो वाचताना जीव तुटतो. यात त्या माणसाची सगळी विद्याच पुसून टाकली आहे.

"खेळाचा गंध नव्हता" हे तर धडधडीत खोटं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट या कॉलेजकडून तो खेळला आणि तिथला गाजलेला बचावपटू होता. फक्त कॉलेज लहान होतं. एनएफएल या तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचे संघ ज्या मोठ्या विद्यापीठांवर नजर ठेवून असतात, त्यांतलं ते नव्हतं, त्यामुळे वार्षिक निवडीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. 1981 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याला सरावाला बोलावलं आणि हंगामाच्या तोंडावर वगळलं. 1982 मध्ये कॅनडात टोरोंटोच्या संघानेही तेच केलं. मग तो ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये फोटोग्राफी शिकवू लागला, आणि तिथल्या मुलांच्या फुटबॉल संघालाही शिकवत होता. मास्तर फुटबॉलपटू झाला नाही. फुटबॉलपटूला पोटासाठी मास्तरकी करावी लागली.

दुसरा दावा असा की, एका चाचणीत नशीब फळफळलं. इथे ब्राउन्सच्या प्रशिक्षकाचं नाव घ्यायला हवं. सॅम रुटिग्लियानोने त्याला वगळलं खरं, पण 1983 मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली तेव्हा फिलाडेल्फिया स्टार्सच्या व्यवस्थापकांकडे मिल्सची शिफारस केली ती त्यानेच. ज्याने त्याचा खेळ जवळून पाहिला होता, त्याचा तो शब्द होता. स्टार्सकडून तो तीन हंगाम खेळला, तिन्ही वेळा संघ अंतिम सामन्यात होता आणि 1984 व 1985 ची विजेतेपदं त्यांचीच. तिथले प्रशिक्षक जिम मोरा 1986 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले आणि मिल्सला बरोबर घेऊन गेले. एनएफएलमधला पहिला सामना खेळताना तो 27 वर्षांचा होता. याला एका दिवसाची चाचणी कोण म्हणेल?

आता उंची. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर, कारण भाच्याला खरा उपयोग याचाच आहे.

मिल्स 5 फूट 9 इंच होता हे खरं. पण वजन 100 किलोच्या वर होतं, आणि ते सगळं खांद्यांत नि मांड्यांत. आतला लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या फळीमागे काही पावलांवर, मधोमध उभा असतो. समोरून सव्वाशे किलोचा गार्ड, म्हणजे चेंडूवाल्याची वाट मोकळी करणारा आक्रमणातला खेळाडू, त्याला उडवायला येतो. गार्डला हात घालायला समोरच्याची छाती लागते. मिल्सची छाती त्याला सापडायचीच नाही. तो गुडघ्यांत वाकून गार्डच्या खांद्याखालून घुसायचा आणि खालून वर ढकलायचा. कुस्तीत पट काढणारा पैलवान जे करतो तेच. उंच लाइनबॅकरला एवढं खाली जायला वेळ लागतो, मिल्स आधीच खाली असायचा. म्हणजे उंची कमी "असूनही" नाही, तर त्या उंचीतून जे जे काढता येईल ते काढून तो खेळला.

आणि हे सगळं चेंडू कुठे जाणार ते आधी कळलं तरच उपयोगाचं. त्यासाठी गार्डच्या पायांकडे बघायचं. गार्डने बाजूला पाय काढला की चेंडू घेऊन धावणारा बहुधा त्याच अंगाने येणार, तो उठून मागे सरकला की पास, म्हणजे चेंडू फेकला जाणार. हे अर्ध्या क्षणात ओळखायचं, तेही वर्षानुवर्षं प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती घोटून. सेंट्सला 1967 पासून एकही हंगाम हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकून संपवता आला नव्हता, 1987 मध्ये तो पहिल्यांदा आला. 1992 मध्ये त्यांचे चारही लाइनबॅकर प्रो बोल या लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले: रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स.

1995 मध्ये तो कॅरोलायना पँथर्स या नव्याकोऱ्या संघात गेला. पहिले पाच सामने संघ हरला. सहाव्यात समोर न्यूयॉर्क जेट्स. मध्यंतर जवळ आलेलं. जेट्सच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, जवळच्याच खेळाडूकडे खालून चेंडू सरकवला आणि मध्ये मिल्स उभा! चेंडू घेतला आणि 36 यार्ड धावत जाऊन टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्या टोकाच्या रेषेपार. पँथर्सच्या इतिहासातला पहिला विजय तो. तेव्हा मिल्स 36 वर्षांचा होता. त्या वयात पाय कुणाचेही मंदावतात, तो तिथे आधी पोचला तो डोक्याने. पुढच्या वर्षी, 37 व्या वर्षी, लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत तो निवडला गेला.

जिद्द नव्हती असं मी म्हणत नाही. दोनदा घरी पाठवल्यावर शाळेतली नोकरी सोडून पुन्हा मैदानावर जायला ती लागतेच. पण भाचा कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे नाही, पायांकडे बघायचं हे त्याला कुणीतरी शिकवलं आहे, आणि ते अंगात मुरायला त्याला तीन वर्षं लागली आहेत. "मनात आग पाहिजे" एवढंच त्याने धरून ठेवलं तर उद्या हरल्यावर त्याला वाटेल आपली आगच कमी पडली, आणि सरावात काय चुकलं हे तो बघणारच नाही.

शेवटचा दावा वाचताना मात्र राग आला. मिल्सने कॅन्सरला हरवलं नाही. ऑगस्ट 2003 मध्ये, पँथर्सच्या लाइनबॅकर्सना शिकवत असताना, त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. उपचार घेत तो काम करत राहिला. जानेवारी 2004 मध्ये डॅलसविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याआधी तो खेळाडूंशी बोलला. आजार कळल्यावर आपल्यापुढे दोनच मार्ग होते, सोडून द्यायचं नाहीतर घाव घालत राहायचं, असं त्याने सांगितलं. "कीप पाउंडिंग" हे शब्द तेव्हाचे. तो सामना संघाने जिंकला, सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही गाठला, पण तिथे न्यू इंग्लंडच्या संघाकडून 32-29 असा हरला. अजिंक्यपद आलं नाही. मिल्सने पुढचा हंगामही शिकवलं आणि 18 एप्रिल 2005 रोजी, 45 व्या वर्षी, तो गेला. त्याच वर्षी पँथर्सने त्याच्या जर्सीचा 51 क्रमांक कायमचा बाजूला काढला, पुन्हा कुणाला द्यायचा नाही म्हणून.