चिलीतले सगळे जर्मन नाझी कसे होतील?

दक्षिण चिलीतल्या उतरत्या छपरांच्या लाकडी घरांचे फोटो आणि खाली तीन वाक्यं, असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. "१९४५ नंतर पळालेले नाझी इथे येऊन लपले. ओसाड जंगलाचं त्यांनी नंदनवन केलं. आजही इथे स्पॅनिश नाही, जर्मनच चालते."

"नाझी येऊन लपले" हे वाक्य सगळ्यात जास्त खपतं, म्हणून ते आधी. स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या चिलीने १८४५ साली कायदा करून परदेशी लोकांना दक्षिणेत जमीन देऊ केली. १८४६ मध्ये 'कातालिना' जहाजाने जर्मनीतल्या हेसे प्रांताकडची काही कुटुंबं दक्षिणेतल्या वाल्दिव्हिया शहराजवळच्या कोराल बंदरात उतरली. १८४८ ची जर्मन क्रांती फसली आणि ओघ वाढला. कार्ल आन्वांडर त्यातलाच. हा प्रशियातला औषधविक्रेता, कालाउ गावचा माजी नगराध्यक्ष. १८५० मध्ये तो आला, पुढच्याच वर्षी त्याने वाल्दिव्हियात बिअरचा कारखाना काढला, १८५८ मध्ये जर्मन शाळा. आम्ही इतर कुणाहीइतकेच प्रामाणिक आणि कष्टाळू चिलियन होऊ, परक्यांनी जुलूम केला तर या देशाच्या बाजूने उभे राहू, अशी त्याची शपथ तिकडे प्रसिद्ध आहे. आन्वांडर वारला १८८९ मध्ये. हिटलर जन्मला तेच वर्ष!

मग चिलीत नाझी आलेच नाहीत का? आले की. फिरत्या गॅसगाड्यांत माणसं मारण्याच्या योजनेमागचा वाल्टर राउफ तिथे उजळ माथ्याने राहिला. १९६३ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला जर्मनीच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि १९८४ मध्ये तो सान्तियागोत मेला. १९३० च्या दशकात चिलीची स्वतःची नाझी चळवळही होती, आणि जुन्या वसाहतकऱ्यांच्या नातवंडांपैकी काहींना हिटलरचं कौतुक होतं. हे झाकायचं कारण नाही. पण नातवाच्या पापासाठी आजोबाला फरारी ठरवता येत नाही. या फॉरवर्डखाली हमखास कुणीतरी 'कोलोनिया दिग्निदाद'चं नाव टाकतं. ती जर्मन पंथाची बदनाम वसाहत १९६१ ची, पार्राल गावाजवळची, म्हणजे या घरांपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला. तिचा म्होरक्या पॉल शेफर जर्मनीतून पळाला तो मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपांमुळे.

'ओसाड' हा शब्द मात्र मला नाझींच्या गप्पेपेक्षा जास्त खटकतो, कारण तो चांगल्या मनाने वापरला जातो. स्पॅनिशांनी याच भागातलं ओसोर्नो शहर वसवलं १५५८ मध्ये. इथल्या मूळ रहिवासी मापुचेंपैकी दक्षिणेकडच्या विलिचे लोकांच्या उठावापुढे त्यांना ते सोडावं लागलं. परत यायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली, तीही १७९३ मध्ये विलिचे प्रमुखांशी तह केल्यावर. ज्यांच्याशी साम्राज्याला तह करावा लागला, त्यांचा मुलूख रिकामा कसा? सरकारदरबारी सातबारा नाही म्हणून जमीन बेवारस, एवढाच तो हिशोब होता. वसाहतीची बातमी लागताच सट्टेबाजांनी कवडीमोलाने जमिनी लाटल्या, त्या वेगळ्याच.

राहिलं नंदनवन. सरकारचा वसाहत अधिकारी व्हिसेन्ते पेरेझ रोसालेस याने पिची-हुआन नावाच्या स्थानिक माणसाकरवी जंगल पेटवून दिलं. आग महिनोन्‌महिने धुमसत होती, धुराने सूर्य झाकोळला होता. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्या राखेत जर्मन कुटुंबांनी ढोरमेहनत केली, हेही खरं. १८५३ मध्ये पुएर्तो मोंत वसलं, दूधदुभतं आलं, चामड्याचे आणि दारूचे कारखाने आले. पण कष्टांचं कौतुक करायला आधीचं जंगल आणि माणसं पुसून टाकायची गरज नाही.

भाषेबद्दल फार बोलायला नको. या भागात व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो. जर्मन शाळा आहेत, पण घरात जर्मन बोलणारे आता थोडेच. खाण्यात मात्र जर्मन टिकली: फळांच्या केकला चिलीभर 'कूखन'च म्हणतात. फॉरवर्डमधल्या एका फोटोत दारावर पाटी आहे, 'आय कूखन'. म्हणजे 'कूखन मिळेल'. त्यातलं 'मिळेल' स्पॅनिश आहे.