जळालेले ओंडके तिथेच राहू द्या

२०१९-२०मध्ये ऑस्ट्रेलियात महिनोन्‌महिने वणवे पेटले होते. पंजांना पट्ट्या बांधलेल्या कोआलांचे फोटो तेव्हा मीही शेअर केले. पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेसाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा अंदाज आला: सुमारे ३०० कोटी प्राणी त्या वणव्यांच्या तडाख्यात सापडले होते, आणि त्यांतले जवळजवळ २४६ कोटी सरपटणारे. सरडे, पाली, सापसुरळ्या, साप. त्यांतल्या एकाचाही फोटो पाहिल्याचं मला आठवत नाही. ही गोष्ट आजही मनाला टोचते.

आग लागली की हे जीव होरपळून मरतात, असं आपण धरून चालतो. बरेच मरतातही. पण ज्वाळा वरून निघून जातात, माती थोड्याच खोलीवर पुष्कळ थंड असते, आणि बिळात किंवा खडकाच्या कपारीत शिरलेली सापसुरळी वाचते. तिचे हाल त्यानंतर सुरू होतात. बाहेर ना गवत, ना पाचोळा, ना सावली. अंगाचं तापमान तिला ऊन-सावलीत ये-जा करूनच सांभाळावं लागतं. सावलीच गेली, तर तापलेल्या दुपारी बिळात अडकून पडायचं. तेवढा भक्ष्य शोधण्याचा वेळ गेला. बाहेर पडावं, तर काळ्या उघड्या जमिनीवर ती लांबूनही दिसते. ऑस्ट्रेलियातली रानटी झालेली मांजरं तर शिकारीसाठी कित्येक किलोमीटर चालून ताज्या जळालेल्या रानात येतात.

मग आग कुठेच नको का? तसंही नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लाँगलीफ पाइनच्या रानांत आग वरचेवर फिरली नाही, तर झुडपं माजतात, खालचं गवत मरतं आणि गोफर कासवाचं खाणंच संपतं. या एका कासवाच्या बिळांत साडेतीनशेहून अधिक जातींचे जीव आसरा घेतात. उलट २०२१च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये प्लेन दे मोरचं रान पेटलं, तेव्हा हर्मन कासवांवर संकट कोसळलं. हे कासव वयात यायलाच कित्येक वर्षं घेतं, त्यामुळे मेलेल्या कासवांची जागा लवकर भरून निघत नाही. दोन्ही कासवंच, पण एकाला जगवणारी आग दुसऱ्याच्या मुळावर येते. म्हणून ‘सगळं जाळा’ आणि ‘काहीच जळू देऊ नका’ हे दोन्ही हट्ट मला सारखेच घातक वाटतात. काही तुकडा नुकता जळालेला, काही जुना, काही दाट, असं रान हवं.

आणि ते तुकडे एकमेकांना जोडलेले हवेत. न जळालेल्या रानातून सरडे हळूहळू परत येतात, पण मध्ये रस्ता, नांगरलेलं शेत, घरं आली की ती वाट बंद होते. जळालेला भाग मग हिरवा झाला, तरी त्यात पूर्वीचे रहिवासी नसतात.

माझा सर्वांत मोठा राग आहे तो वणव्यानंतरच्या ‘साफसफाई’वर. जळकी झाडं तोडून, ओंडके उचलून, जमीन यंत्रांनी सपाट केली जाते. त्या काळ्या पोकळ ओंडक्याखाली ओल असते, कीटक असतात, सावली असते. आगीतून वाचलेल्या सापसुरळीजवळ त्या घडीला तेवढंच उरलेलं असतं, आणि तेच आपण ट्रकमध्ये भरून नेतो.