आपोआप काही मिटत नाही

"बायका मोठ्या संख्येने एखाद्या क्षेत्रात आल्या की पगारातली तफावत आपोआप मिटते" हे स्त्री-पुरुषांच्या पगारावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. क्लार्कचं काम बघा ना, १९व्या शतकात ते पुरुषांचं होतं आणि त्यातून वर मॅनेजरपर्यंत जायची वाट होती, मग टाइपरायटर आला, बायकांची भरती झाली, काम तेवढंच महत्त्वाचं पण वर जायची शिडी मात्र त्यांच्यासाठी नव्हतीच. आणि प्रोग्रॅमिंगचं बरोबर उलटं. १९४६ च्या एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं, तेव्हा ते दुय्यम काम समजायचे, पुढे त्यात पैसा आणि मान आला तसे पुरुष वाढत गेले.

मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ११ वर्षं काढलीत. सुरुवातीला टीममध्ये निम्मे पुरुष होते, हळूहळू ते डेव्हलपमेंटकडे सरकले, आम्ही बायका उरलो आणि मग मीटिंगमध्ये आमचं काम "सपोर्ट" झालं, पगारवाढही त्याच हिशोबाने! आणि खरी दरी तर मूल झाल्यावर पडते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी हेच दाखवलंय की आजची बरीचशी तफावत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती पहिल्या मुलानंतर वाढते. माझ्या बरोबरीने लागलेला सहकारी बाप झाला त्याच वर्षी टीम लीड झाला, मला मात्र सुट्टीवरून परत आल्यावर न विचारताच "हलका" प्रोजेक्ट दिला. लेखात यावर एक ओळही नाही.