‘ताई, कुठली शाळा चांगली?’

इनबॉक्समध्ये हा प्रश्न या महिन्यात सहाव्यांदा आला. विचारणारी मुलं-मुली विशी-बाविशीतली. कुणी हॉटेल मॅनेजमेंट करतंय, कुणी घरून केकच्या ऑर्डरी घेतंय. फ्रान्सला जाऊन पेस्ट्री शिकायचीय, शाळा कुठली, फी किती, व्हिसा मिळतो का. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहिते. लांबलचक आहे. कुकर लावून मगच वाचायला घ्या.

मी सांगलीची. ल्योंला (आपण लिऑन म्हणतो) दीड वर्ष होते. जाताना घरी जे व्हायचं ते झालं. काका म्हणाले, ‘केक शिकायला फ्रान्स? कोपऱ्यावरच्या बेकरीत शिक की!’ सगळे हसले, मीही हसले. त्या कोपऱ्यावरच्या बेकरीवर पुढे येणारच आहे, कारण काकांचं वाक्य मला तेव्हा वाटलं तितकं खुळं नव्हतं.

आधी शाळेचं. शाळेचं नाव सगळ्यात शेवटी बघा. तिथे पोचायचे दोन रस्ते आहेत आणि एजंट बहुतेक वेळा एकच दाखवतो. एक रस्ता म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे महागडे डिप्लोमे. शेफ फ्रेंचमध्ये बोलतो, शेजारी दुभाषी इंग्रजीत सांगतो, शेवटी प्रमाणपत्र आणि उंच टोपीतला फोटो. त्यातही शिकायला मिळतं, नाही असं नाही. दुसरा रस्ता सीएपीचा. ही हातकामाच्या प्रमाणपत्राची सरकारी परीक्षा आहे. फ्रान्समधली पंधरा-सोळा वर्षांची मुलं शाळा आणि दुकान असं आलटून पालटून करत दोन वर्षांत ती देतात, आणि उमेदवारीचा त्यांना पगार मिळतो. मोठ्या माणसांसाठी तोच अभ्यास साधारण एका वर्षात असतो. सगळं फ्रेंचमध्ये. दुभाषी नाही.

मी दुसरा रस्ता धरला, तो शहाणपणाने नाही, पहिल्याचे पैसे नव्हते म्हणून. तरी चौदा लाखांचं कर्ज झालंच. वर्गात चाळिशीतली बँक सोडून आलेली बाई होती, एक ट्रकचालक होता, दोन नर्स होत्या. आयुष्याच्या मध्यावर माणसं हातात लाटणं घ्यायला येत होती आणि त्यात कुणालाच काही खाली उतरल्यासारखं वाटत नव्हतं. मला पहिले काही आठवडे हेच कळेना.

पेस्ट्रीच्या स्वयंपाकघराला तिथे ‘लाबो’ म्हणतात, म्हणजे लॅबोरेटरी. घरी फोनवर सांगितलं की मी पहाटे चारला लॅबमध्ये जाते, तर आजीला वाटलं रक्त तपासायला. चारला मेट्रो नसते. भाड्याची सायकल घ्यायची आणि थंडीत सोन नदीच्या कडेने दामटायची. आत गेल्यावर पहिला धडा पाककृतीचा नव्हता, ‘बाँजूर’चा, म्हणजे नमस्काराचा होता. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना मिळून एक मान डोलावली आणि एप्रन बांधायला गेले. अर्ध्या तासाने शेफने बाजूला घेऊन विचारलं, तुला आमचा राग आलाय का? प्रत्येकाला वेगळं बाँजूर म्हणायचं असतं, भांडी घासणाऱ्यालासुद्धा. किंबहुना त्याला आधी म्हणावं, तपेली वेळेवर मिळतात.

भाषेचं माझ्याकडून ऐका. मी पुण्यात क्लास लावून बी-१ पातळीची परीक्षा पास झाले होते आणि स्वतःवर खूश होते. दुसऱ्याच आठवड्यात ब्रिओशच्या (लोण्या-अंड्याचा मऊ पाव) पिठात मीठ घालायचं होतं. शेफ ओरडला ‘दूझ’, म्हणजे बारा. मला ऐकू आलं ‘दू’, म्हणजे दोन. सहाशे ग्रॅम मैद्याला बारा ग्रॅम मीठ लागतं, मी दोन टाकलं. मीठ फक्त चवीला नसतं हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. यीस्टला आवर घालणारं काही उरलं नाही, पीठ भसाभसा फुगलं, सैल पडलं, भाजल्यावर मिळमिळीत. शेफने तुकडा तोंडात टाकला, मला दिला, काही बोलला नाही. मग कचऱ्याचा डबा पायाने उघडून धरला आणि मला सगळं माझ्या हाताने टाकायला लावलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवते. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णवला ‘चार-वीस-दहा-सात’ म्हणतात, त्यामुळे आकडा संपेपर्यंत हात हलवायचा नाही हेही शिकले. आपलं अडीच, पावणेदोन शिकताना परदेशी माणसाचं काय होत असेल!

रीलमध्ये दिसतं ते काम दिवसातलं अर्धा तास. बाकी वजनकाटा, फरशी आणि ‘प्लाँज’, म्हणजे भांडी. अंडीसुद्धा नगावर नसतात: पिवळं वीस ग्रॅम, पांढरं तीस, सगळं काट्यावर. कस्टर्ड उकळलं की ते दोन तासांच्या आत ६३ अंशांवरून १० अंशांच्या खाली आलंच पाहिजे, आणि त्याची नोंद वहीत. ज्या वाडग्यात हे सगळं फेटायचं त्याचं नाव ‘कुल द पूल’, अर्थात कोंबडीचं ढुंगण. आणि तळलेला एक हलका गोळा आहे त्याला ‘जोगिणीचा पाद’ म्हणतात. फ्रेंच लोक फार नाजूक असतात असं कुणी म्हटलं की मला हे दोन शब्द आठवतात.

स्ताज म्हणजे प्रत्यक्ष दुकानातली उमेदवारी. माझी पहिली अशा ठिकाणी पडली जिथे तीन आठवडे मी फक्त भांडी घासली आणि स्ट्रॉबेरीचे देठ काढले. स्ताज दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तरच मालकाला कायद्याने विद्यावेतन द्यावं लागतं, आणि माझा करार त्या रेषेच्या बेताने अलीकडे होता. हा योगायोग नव्हता हे मला नंतर कळलं. करारावर सही करण्याआधी तारखा मोजा. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास नोकरी करता येते हेही लक्षात ठेवा, पण पहाटे चारची शाळा करून वर किती तास उभं राहता येतं हे तुमच्या गुडघ्यांना विचारा.

मात्र त्याच दुकानात एक सोळा वर्षांचा पोरगा होता, उमेदवार. मिसरूड फुटलेलं नाही. तो टार्टच्या रिंगणात पीठ बसवायचा ते बघत राहावं असं. चाळीस रिंगणं, सगळ्यांची कड सारखी. एके दिवशी त्याची आई दुकानात आली आणि मालकाने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, तुमच्या मुलाचा हात चांगला आहे. ती बाई फुलून गेली. आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरगा बेकरीत लागला तर त्याची आई कुणाला सांगते का? मला एवढंच म्हणायचंय खरं तर, बाकी सगळं त्याच्या आसपासचं आहे.

तिथे हातकामाला परीक्षा आहे, पायऱ्या आहेत, नाव आहे. सगळ्यात वरच्या पायरीला ‘मेयर उव्रिए द फ्राँस’ म्हणतात, फ्रान्सचा सर्वोत्तम कामगार. शब्द बघा, कामगार. कलाकार नाही, सेलिब्रिटी नाही. १९२४ पासून ही स्पर्धा आहे. जिंकलेल्याच्या कोटाच्या कॉलरला निळा-पांढरा-लाल पट्टा असतो आणि न जिंकता तो मिरवणं हा गुन्हा आहे. आमच्याकडे असे एक शेफ दोन दिवस शिकवायला आले होते. वर्गातला ट्रकवाला त्यांच्याकडे आपण विठोबाकडे बघतो तसा बघत होता.

आता थरांकडे येते. ‘तुराज’ म्हणजे पिठात लोणी गुंडाळून लाटायचं, घडी घालायची, थंड करायचं, पुन्हा लाटायचं. तीन पदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ थर होतात, ते क्रोसाँला. सहादा घातली की ७२९, तो पफ. नेहमीचं फ्रेंच लोणी निदान ८२ टक्के स्निग्धांशाचं, पण थरांसाठी ८४ टक्क्यांचं वापरतात. त्यात पाणी कमी, ते न तुटता वाकतं. पहिल्यांदा लाटताना माझं लोणी आत फुटलं, संगमरवरासारख्या रेघा दिसायला लागल्या. दुसऱ्यांदा वितळलं. तिसऱ्यांदा लाटणं हातात घेतलं आणि एकदम आठवलं की हे मी पाहिलंय. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मागच्या दारातून, शाळेतून येताना. तिथले चाचा खारीचं पीठ टेबलभर पसरायचे, वनस्पती तूप हाताने सारवायचे, चादरीसारखी घडी घालायचे आणि पुन्हा लाटायचे.

लगेच ‘आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच’ अशा कमेंटी टाकू नका. मला ते म्हणायचं नाही. खारी आणि क्रोसाँ एक नाहीत. वनस्पती सांगलीच्या उन्हाळ्यातही तग धरतं, लोणी धरत नाही, आणि खऱ्या लोण्याची चव जिभेवर जशी विरघळते तशी वनस्पतीची विरघळत नाही, टाळूला चिकटते. चिरोट्यातला साटाही वेगळा, तो तूप आणि तांदळाच्या पिठीचा आणि पुढे तळणीचा. प्रत्येकाचं शास्त्र निराळं. फरक असा की ल्योंमधल्या त्या सोळा वर्षांच्या पोराला घडी का घालायची, किती वेळ थंड करायचं, लोणी किती अंशांना असावं हे कुणीतरी समजावून सांगितलं, त्याची परीक्षा घेतली आणि कागद दिला. चाचांना कुणी काहीच सांगितलं नाही. ते बघून शिकले, मार खाऊन शिकले, आणि चाळीस वर्षं तेच करून त्यांच्याकडे कसलाही कागद नाही.

शाकाहारी मंडळी फार विचारतात म्हणून थोडक्यात. आमच्या घरात अंडं येत नाही. तिथे अंड्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि मूसमध्ये जिलेटीन असतं, ते बहुतेकदा डुकराचं. चाखल्याशिवाय हा धंदा शिकता येत नाही. मी चमचाभर चाखत होते आणि घरी अर्धंच सांगितलं होतं. आई फेसबुकवर नाही. मावशी आहे. मावशी, वाचत असशील तर प्लीज.

सगळ्यात सुंदर महिना जानेवारी. राजांची गालेत ही एक गोल पेस्ट्री, ६ जानेवारीच्या सणाची, पण दुकानात महिनाभर चालते. दोन पफच्या चकत्या, मध्ये बदामाचं सारण आणि आत लपवलेली एक इवलीशी चिनीमातीची बाहुली. तिला ‘फेव्ह’ म्हणतात, म्हणजे मुळात शेंगेतला दाणा, कारण पूर्वी खरंच दाणा घालायचे. घरातलं सगळ्यात लहान पोर टेबलाखाली बसून सांगतं कुठला तुकडा कुणाला. आम्ही इतक्या लाटल्या की मनगटाला पट्टा बांधावा लागला, आणि महिना संपतोय तोवर ल्योंच्या ‘ब्युन्य’चे दिवस आले. मार्दी ग्रा, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा सण, त्याच्या आधी हे तळतात. कुरकुरीत जातीचे ब्युन्य म्हणजे वर पिठीसाखर टाकलेले शंकरपाळे, शपथ. एका आजीबाईंनी काउंटरवर मला ते कसे खायचे ते समजावलं. मी मान डोलावत ऐकून घेतलं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. ऑर्डरचा कागद देतात, वेळ लावतात, परीक्षक पाठीमागे फिरतात. तुमची पेस्ट्री बघण्याआधी तुमचं टेबल आणि तुमचा फडका बघतात. मी पास झाले. एक्लेअर एका लांबीचे आले नाहीत.

परत का आले, हा पुढचा प्रश्न असतो. व्हिसा, कर्ज, आणि बाबांची तब्येत, याच क्रमाने नाही.

आल्यावर दुसऱ्या आठवड्यात क्रोसाँ केले. एसी १८ वर, आयात केलेलं लोणी, आणि तरी पहिला घाणा वाया गेला. दुसऱ्यातले चार डब्यात घालून चाचांकडे नेले. त्यांनी एक मधोमध कापला, उजेडाकडे धरला, आतली भोकं बघितली. आमच्या परीक्षकांनी अगदी असंच केलं होतं. मग विचारलं, किलोला लोणी किती, आणि कितीला पडतं. मी सांगितलं. त्यांनी मनात हिशोब केला आणि हसले. ‘बेटी, माल अच्छा है. सांगलीत घेणार कोण?’

मी म्हटलं तेच शोधतेय. मग घाबरत विचारलं की सकाळी खारीच्या वेळेला येऊन उभी राहू का, मला तुमचं पीठ बघायचंय, आणि तुमचं प्रमाण लिहून घ्यायचंय. त्यांना पहिला भाग कळला, दुसरा नाही. लिहायचं काय त्यात, म्हणाले. मग म्हणाले, ‘पाचला ये. उशीर केलास तर टेबल पुसायला मिळेल फक्त.’

तर शाळेचं नाव मी सांगेन, वेगळ्या मेसेजमध्ये, ज्यांना खरंच हवंय त्यांना. पण त्याआधी महिनाभर आपल्या गावातल्या एखाद्या बेकरीत पहाटे जाऊन या आणि मला कळवा. पाय दुखतात का तेही लिहा.