टँकर आणि चार माणसं पुरतील?

मोठ्या आगीची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: अग्निशमन केंद्र म्हणजे आरामाची नोकरी. बंब येतो तो अर्धा रिकामा, जवान नुसतं पाणी ओततात आणि पाच मिनिटांत ते संपतं. पाठीवर ऑक्सिजन आणि अंगावर न जळणारा सूट असूनही जवान दाराबाहेर उभे राहतात, काचा फोडून उलट नुकसान करतात आणि उंच शिडी सोडून जिन्याने चढतात. शेवटचं वाक्य: 'यापेक्षा एक पाण्याचा टँकर आणि चार माणसं पुरतील.'

पाणी लवकर संपतं, हे खरंच आहे. पण त्यासाठी बंब अर्धा रिकामा असावा लागत नाही. समजा, ४५०० लिटरची टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि पंप मिनिटाला २२५० लिटर फेकतो. पूर्ण क्षमतेने चालवला तर दोन मिनिटांत टाकी कोरडी! टाकीतलं पाणी ही पहिल्या काही मिनिटांची शिदोरी असते. तेवढ्या वेळात हायड्रंट (आगीसाठी ठेवलेला पाण्याचा मोठा नळ), इमारतीची टाकी, नाहीतर मागून येणारा दुसरा बंब जोडायचा असतो. बंबाचं खरं बळ पंपात आहे, आणि टँकरकडे नेमकं तेच नसतं.

तळ्यातून किंवा विहिरीतून पाणी घेताना तर गंमतच असते. पंप पाणी ओढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रायमर नावाचं छोटं उपकरण सक्शन होजमधली, म्हणजे पाण्यात सोडलेल्या जाड नळीतली, हवा बाहेर काढतं आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हिशेबाने ही उंची जेमतेम १० मीटर, व्यवहारात सात-आठ. कपलिंगमधलं, म्हणजे नळीच्या जोडातलं, एक वॉशर फाटलं आणि आत हवा शिरली, की लाखमोलाचा पंप नुसता घरघरत राहतो. केंद्रात दुपारी वॉशर तपासत बसलेला माणूस बाहेरून बघणाऱ्याला निवांतच दिसणार.

पुढचा शब्द 'ओततात'. पाणी ओतायचं नसतं, त्याची वाफ करायची असते. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, आणि त्याची वाफ होताना ते आणखी सुमारे २२६० किलोज्यूल शोषून घेतं. त्यामुळे बारीक तुषार बरंच काम करतात, तर जाड धारेतलं पुष्कळ पाणी न तापताच जमिनीवर वाहून जातं. लांबून मारा करायचा असेल तर मात्र धारच लागते. नोझल फिरवून हे ठरवणाऱ्याला आणखी एक भान ठेवावं लागतं: वाफ होताना पाणी सुमारे १७०० पट फुगतं. बंद खोलीत तुषारांचा अतिरेक झाला तर ती वाफ आत शिरलेल्यांनाच भाजते. पेटत्या तेलावर पुन्हा वेगळा हिशेब, तिथे फोम.

आता पाठीवरचा 'ऑक्सिजन'. इमारतीच्या आगीत वापरतात त्या नेहमीच्या बीए सेटमध्ये (श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या संचात) असते दाबून भरलेली साधी हवा, तुम्ही-आम्ही घेतो तीच. आगीच्या तोंडाशी शुद्ध ऑक्सिजन नेणं म्हणजे ज्वाळेला खुराक नेणं. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला तर त्यात साधारण २००० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५० मिनिटं. पण जड होज ओढत जिना चढणारा माणूस त्याहून कितीतरी जास्त हवा घेतो. दाब ५०-५५ बारवर उतरला की शिट्टी वाजते, आणि खरं तर ती वाजायच्या आत बाहेर पडलेलं असावं लागतं. म्हणून दाराशी एक जण फळा घेऊन उभा असतो: कोण आत गेलं, किती वाजता, किती दाबावर. मजकुरातले 'बाहेर उभे राहणारे' बहुधा हेच असावेत.

सूटही न जळणारा नसतो. उष्णतेला टिकणाऱ्या अरॅमिड धाग्याचा बाहेरचा थर, मधे पाणी अडवणारा, आत उष्णता रोखणारा, असे थर मिळून काही काळ मुदत देतात, एवढंच. आत घाम साचतो आणि तोच तापून चटके देतो. शिवाय कापडात काजळी आणि विषारी रसायनं मुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकांचा कामात घातक गोष्टींशी येणारा संपर्क कर्करोगकारक ठरवला, थेट पहिल्या गटात, म्हणजे पुरेसा पुरावा असलेल्या कारणांत. सूट धुणं ही टापटिपीची हौस नव्हे.

दार लगेच का उघडत नाहीत? बंद खोलीत हवा संपून आग दबलेली असते, तापलेला जळाऊ धूर मात्र तसाच असतो. दार सताड उघडलं की ताजी हवा आत जाते आणि तो सगळा धूर एकदम भडकू शकतो. म्हणून आधी दाराची उष्णता बघायची, धूर आत खेचला जातोय का ते बघायचं, भरलेली होज हातात घ्यायची आणि मगच फट. काचा फोडण्यामागेही धुराला वाट देण्याचा विचार असतो. ती वेळेआधी दिली तर आग वाढते, त्यामुळे दिसेल ती काच फोडली असं होत नाही.

शिडीबद्दल थोडक्यात. गाडीचे जॅक टेकायला कणखर आणि मोकळी जागा लागते, वर विजेच्या तारा नकोत, आणि शिडीची उंची ठरलेली असते. उंच इमारतीत आतूनच जावं लागतं: आगीच्या एक-दोन मजले खाली सामान मांडायचं आणि तिथून इमारतीच्याच रायझरला, म्हणजे मजल्यामजल्यावर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपला, होज जोडायची.

राहिली चार माणसं. एक पंपावर, एक हायड्रंटवर, एक त्या फळ्यापाशी. आत कोणी एकटं जात नाही, म्हणजे निदान दोघं. आत गेलेले अडकले तर त्यांना काढायला बीए सेट चढवून तयार असलेले आणखी दोघं. हे झाले सात, आणि यात हुकूम देणारा अधिकारी अजून धरलेला नाही.