‘पद्मिनीही मागच्याच चाकांवर चालायची’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

युनोस रोडस्टर, म्हणजे माझदाची मियाटा ही उघडी टूसीटर, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळा होणार होतो, पण तुमचा एक मुद्दा असा अडून बसला की उत्तर लांबलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. १९८९ च्या या माझदाची ताकद १२० पीएस. तेवढीच ताकद तुमच्या एक लिटर टर्बोच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत आहे, वर एसी, सहा एअरबॅग आणि पाच माणसांची जागा. वजन कमी म्हणजे पत्रा पातळ, त्यात कौतुक कसलं? मागच्या चाकांना ताकद म्हणाल तर पद्मिनी आणि अँबॅसॅडरही तशाच होत्या, त्यांच्या आरत्या कुणी गायल्या नाहीत. कल्पना ब्रिटिशांची, जपान्यांनी नक्कल केली. बाकी सगळी परदेशी व्हिडिओ बघून चढलेली जुन्याची नशा. आणि शेवटचा टोला, मागची चाकंच हवीत तर सरळ थार घ्या.

ताकदीचा मुद्दा पटकन उरकतो, कारण तो तुम्ही जिंकलेला आहे. माझ्या गाडीचं १६०० सीसीचं इंजिन १३७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, देतं, तेही आरपीएम भरपूर चढवल्यावर. तुमचं टर्बो १७० च्या वर देतं आणि दीड-दोन हजार आरपीएमलाच देतं. घाटात वरच्या गिअरमध्ये, समोर ट्रक असताना, तुम्ही तो ओलांडून पुढे गेलेले असाल आणि मी अजून गिअर उतरवत असेन. ० ते १०० ला माझी गाडी नऊ सेकंदांच्या आसपास घेते. आज हा आकडा कुणालाही प्रभावित करत नाही, आणि मूळ लेखात वेगाबद्दल मी एकही दावा केलेला नव्हता.

आता पद्मिनी. हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. तो तुम्ही चिमटा काढायला लिहिलात, पण गाडीचं सगळं मर्म त्यातच आहे. आरत्या गायल्या गेल्या नाहीत हे मात्र खरं नाही हं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली होती. पण त्या लिखाणात कॅरियरवरच्या वळकट्या होत्या, दादर स्टेशन होतं, टॅक्सीवाले होते. ‘ही गाडी वळणात काय सुरेख चालायची’ असं वाक्य मला तरी दिसलं नाही. जुन्याची नशा म्हणतात ती ही. आपल्या आयुष्यात होती म्हणून आवडणारी गाडी.

आणि पद्मिनी हलकी होतीच की. फियाट ११०० डी चंच ते भारतीय रूप, १०८९ सीसी, वजन नऊशे किलोच्या आसपास. माझी युनोस साडेनऊशेची. तुम्ही नॅनो मात्र विसरलात. सहाशे किलोंच्या थोडी वर, इंजिन मागे, ताकदही मागच्या चाकांना. नुसतं हलकेपण आणि मागची चाकं एवढ्यानं भागलं असतं तर साणंदच्या कारखान्याबाहेर रांगा लागल्या असत्या.

म्हणजे वजन किती आहे एवढं पाहून चालत नाही, ते ठेवलंय कुठे हेही पाहावं लागतं. रोडस्टरचं इंजिन पुढच्या चाकांच्या अक्षाच्या जवळपास पूर्ण मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याकडे, सरकवलेलं आहे. बॅटरी डिकीत. बॉनेट अॅल्युमिनियमचं. दोघं जण बसले की पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मं-निम्मं वजन येतं आणि नाक हलकं राहतं, म्हणून स्टीअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, विचार करत बसत नाही. पद्मिनीचं इंजिन पुढे, मागे सलग अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, आणि त्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगा. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याची खबर दुसऱ्या चाकाला. रोडस्टरला चारही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा आपापल्या दोन दांड्यांनी धरलेलं, आणि तेही १९८९ मध्ये, सामान्य किमतीच्या गाडीत.

आणखी एक भाग आहे, जो गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब, भोकं पाडलेली तुळई. माझदा तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते. साध्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल आधी आपल्या रबरी माउंटवर पिळवटतं आणि मग चाकं फिरतात. ती ढिलाई क्षणभराचीच, पण पायाला कळते. इथे इंजिनापासून डिफरन्शियलपर्यंत सगळा एकच ठोकळा असल्यामुळे ती ढिलाई जवळजवळ राहतच नाही. गिअरचा दांडाही थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, कारण गिअरबॉक्स तुमच्या गुडघ्याशेजारीच आहे. तुमच्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे गिअरचा हुकूम केबलनं पुढे पाठवावा लागतो. हा दांडा मनगटाच्या एका झटक्यात पडतो. आवाजासकट.

मागच्या चाकांचा प्रश्न असा. टायरकडे पकड मर्यादित असते. तुमच्या गाडीत पुढचे दोन टायर वळण्याचं आणि ओढण्याचं अशी दोन्ही कामं करतात. वळणात अॅक्सिलरेटर दिला की ती पकड वाटून घ्यावी लागते आणि नाक बाहेर सरकतं. रोडस्टरमध्ये पुढचे टायर फक्त वळवतात, मागचे ढकलतात. त्यामुळे वळणाच्या मधोमध गाडीची दिशा तुम्ही उजव्या पायानंही थोडी बदलू शकता. पद्मिनीतही तत्त्वतः हेच होतं, फक्त चाळीसेक अश्वशक्ती, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि ते सस्पेन्शन यांत ते हरवून जायचं.

यावर तुम्ही एक शंका काढालच, म्हणून आधीच सांगतो. टोयोटाच्या एई८६ ला, म्हणजे १९८३ च्या लेविन-ट्रुएनोला, मागे पद्मिनीसारखाच सलग अॅक्सल होता. तरी तिच्यामागे जग वेडं आहे, ते कसं? एक तर त्या अॅक्सलखाली पाटे नव्हते, कॉइल स्प्रिंग आणि त्याला जागेवर धरणारे दांडे होते. पुढे ७००० च्या वर फिरणारं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. उरलेलं वेड बऱ्याच अंशी जपानी कॉमिक आणि अॅनिमेशनमुळे आहे, आणि तिच्या आजच्या किमती पाहिल्या तर तुमचा नशेचा सिद्धान्त मी एई८६ पुरता अर्धा मान्य करायला तयार आहे. माझदाच्या बाबतीत नाही.

कारण सांगतो. मी शेफील्डजवळ राहतो. इथून पुढे पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर लागतात. बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणारा ‘कॅट अँड फिडल’ नावाचा रस्ता इंग्लंडमधल्या गाडीवेड्यांची पंढरी. त्यावर वेगमर्यादा आहे ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवलेले आहेत. तीनशे-चारशे अश्वशक्तीची आजची स्पोर्ट्स कार तिथे जांभया देते. तिची पकड कुठे संपते हे कळेपर्यंत तुमचं लायसन्स गेलेलं असतं. रोडस्टरचे टायर १८५/६० आर १४, तुमच्या एसयूव्हीच्या टायरहून अरुंद. त्यामुळे कायद्याच्या आतल्या वेगातच तिला काम पडतं. ब्रेक कधी सोडायचा, वजन पुढच्या चाकांवरून मागे कधी जाऊ द्यायचं, गिअर कधी उतरवायचा, हे सगळं साठ-सत्तरच्या वेगात करायला मिळतं आणि चुकलं तर ती आधी सूचना देते. तिचं आकर्षण इथे आहे, असं माझं मत. तिच्या मर्यादा साध्या ड्रायव्हरच्या आवाक्यात ठेवल्या आहेत, आणि त्या जाणूनबुजून ठेवल्या आहेत.

जाणूनबुजून म्हणालो, त्यावरून नक्कलेच्या मुद्द्याकडे येतो. कल्पना ब्रिटिशांची, हे शंभर टक्के मान्य. पण मग ब्रिटिशांनी तिचं काय केलं? १९८० मध्ये एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला, ट्रायम्फची तशीच उघडी टूसीटर स्पिटफायर त्याच वर्षी संपली. गिऱ्हाईक होतं, गाडी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकारानं माझदाच्या केनइची यामामोतोंना सांगितलं की अशी साधी, उघडी, स्वस्त टूसीटर पुन्हा बनवा. हे यामामोतो म्हणजे रोटरी इंजिन मार्गी लावणारे, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. हॉल स्वतः नंतर माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात नोकरीला लागला. जपानमधल्या मंडळींनी पुढची चाकं चालवणारा एक आणि इंजिन मध्यावर असलेला एक असे प्रस्ताव आणले, कॅलिफोर्नियानं पुढे इंजिन आणि मागे ताकद हा जुना मार्ग धरला, आणि तोच टिकला. तोशिहिको हिराई या इंजिनिअरनं ते काम तडीला नेलं. गंमत म्हणजे चालतं-फिरतं पहिलं नमुना-वाहन बांधलं गेलं ते इंग्लंडमध्येच, वर्दिंगच्या आयएडी या कंपनीत.

आणि लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचं काय झालं पाहा. तिची १९६२ ची उघडी टूसीटर एलान समोर ठेवूनच माझदानं अभ्यास केला होता, हे कुणी लपवत नाही. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदा दाखल झाली, त्याच वर्षी खुद्द लोटसनं नवी एलान आणली, ती पुढच्या चाकांवर चालणारी! इंजिन इसुझूचं, टर्बो मॉडेलची ताकद १६० च्या वर, वेगानं माझदापेक्षा सरस, आणि वळणातही उत्तम असं तेव्हाच्या परीक्षकांनी लिहिलंय. महागही होती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पाच हजारसुद्धा बनल्या नाहीत. माझदाच्या पहिल्या पिढीच्याच ४ लाखांहून जास्त बनल्या. मूळ मालकानं सोडून दिलेली गोष्ट दुसऱ्यानं जपली, तर तिला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे आकडे नशेच्या सिद्धान्तालाही आडवे येतात. २००० साली गिनेसनं सर्वाधिक खपाची टूसीटर स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद केली, तेव्हा एकूण ५ लाख ३१ हजार ८९० गाड्या बनलेल्या होत्या. शोरूममधून कोरी करकरीत गाडी नेणाऱ्याला कसली आलीये जुन्याची ओढ? एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. अमेरिकेत फक्त याच गाड्यांची ‘स्पेक मियाटा’ नावाची शर्यत-श्रेणी आहे, तिथे नोकरदार माणसं शनिवार-रविवारी शर्यत खेळतात. वजन कमी असल्यामुळे टायर आणि ब्रेक पॅड लवकर झिजत नाहीत, म्हणून ते परवडतं. एका बाबतीत मात्र नशा आहेच, ती वर येणाऱ्या हेडलाइटची. त्यांनी वजन वाढतं, उघडे असले की वारा अडतो, मोटर बिघडते, आणि १९९८ च्या दुसऱ्या पिढीत ते काढून टाकले तेच बरोबर होतं. तरी अंधार पडायच्या आधीच मी ते लावतो.

पत्र्याबद्दल. बाहेरचा पत्रा पातळ आहे. धडक बसली तर ही गाडी तुमच्या एसयूव्हीसमोर टिकणार नाही. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार पाठीमागे नाही, माझ्या गाडीत एअरबॅगही नाही. घरातल्या लहान मुलाला घेऊन मी तिच्यात मोटरवेवर जात नाही. याला काही उत्तर नाही आणि मी शोधतही नाही. पण हलकी गाडी आज बनतच नाही असं म्हणाल तर २०१५ ची चौथी पिढी पाहा. एअरबॅगा, एबीएस सगळं घेऊन तिचं जपानमधलं मूळ मॉडेल ९९० किलोचं होतं. या गाडीला पत्र्याच्या जाडीपेक्षा गंज जास्त छळतो. छपराच्या कापडावरचं पाणी मागच्या बाजूच्या नळ्यांतून खाली जातं, त्या पाचोळ्यानं तुंबल्या की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साठतं, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मी घेतली तेव्हा सिलवर छान नवा रंग होता. टोकरून पाहिलं तर खाली निव्वळ लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

राहता राहिली थार. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि ही माझदा तिथे कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, म्हणजे तुम्हाला ती चालवून दाखवण्याचा मार्ग मला बंदच आहे. मागच्या चाकांवर चालणारी थार २०२३ पासून मिळते, पण तिचं वजन दीड टनाच्या वर आणि बैठक उंचावर, म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्याच्या उलट. त्यापेक्षा, हसू नका, एमजी कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक गाडी बघा. वजन आठशे किलोंच्या आसपास, मोटर मागे, ताकद मागच्या चाकांना, अवघी ४२ पीएस. स्पोर्ट्स कार नाहीच ती, आणि तिच्यावर मी लेख लिहिणार नाही. पण टेस्ट ड्राइव्ह फुकट मिळते. मोकळ्या जागी स्टीअरिंग बरंच वळवून ठेवा, अॅक्सिलरेटर दाबा आणि हातांना काय जाणवतं ते पाहा. घरी येऊन तुमच्या टर्बोत, दुसऱ्या गिअरमध्ये, नेमकं तेच करा. काय फरक वाटला ते इथेच खाली लिहा, नाही वाटला तर तसंही लिहा.