बोले ठराव कागदावर का राहिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबई कायदेमंडळाचे सदस्य सीताराम केशव बोले यांच्या, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या १९२३ च्या ठरावाला माझ्या लेखात नको तेवढं मोठं केलंय. ठराव कागदावरच राहिला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी मिळालं ते १९२७ च्या सत्याग्रहामुळे, आणि आमदाराकडून समतेच्या कामाची अपेक्षा ठेवणंच भाबडेपणाचं, कारण त्याच्या हातात हायमास्ट दिवे आणि पेव्हर ब्लॉकपलीकडे काही नसतं. यातलं अर्धं मान्य. ठराव कागदावर राहिला, यात वाद नाही. पण तो का राहिला हे पाहिलंत, तर उरलेल्या अर्ध्याबद्दल तुम्हीही पुन्हा विचार कराल.

आधी ठरावाचा मजकूर. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळाने शिफारस केली, की सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या कारभाराखाली असलेले सगळे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत. यातला ‘किंवा’ नीट बघा. चवदार तळं नगरपालिकेपेक्षा जुनं. ‘सार्वजनिक पैशातून बांधलेले’ एवढंच लिहिलं असतं, तर ते ठरावात बसतं की नाही यावरच वर्षानुवर्षं खल झाला असता. ते आत आलं ते दुसऱ्या अर्ध्यामुळे, नगरपालिकेच्या ताब्यात होतं म्हणून. मसुदा करणाऱ्याला गावातल्या पाणवठ्यांची मालकी कशी गुंतागुंतीची असते याची चांगली कल्पना होती, एवढं तरी यातून दिसतं.

घोळ झाला तो पुढे. १९१९ च्या कायद्याखालच्या कायदेमंडळाचा ठराव म्हणजे सरकारला शिफारस, त्याहून जास्त काही नाही. सरकारने त्यावर ११ सप्टेंबर १९२३ ला आदेश काढला, आणि त्या आदेशात दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत. सरकारच्या मालकीच्या जागांबाबत खातेप्रमुखांनी ठराव ‘अमलात आणावा’. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या जागांबाबत मात्र कलेक्टरांनी त्या संस्थांना ठराव स्वीकारणं इष्ट आहे का, याचा विचार करण्याचा ‘सल्ला द्यावा’. गावातला पाणवठा जवळजवळ नेहमी दुसऱ्या गटात. म्हणजे जिथे भांडण होतं, तिथेच हुकुमाचा सल्ला झाला. तुम्ही ‘सरकारला करायचंच नव्हतं’ असं लिहिलंत. हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. पळवाट या दुसऱ्या क्रियापदात होती आणि ती कागदावर दाखवता येते, एवढंच माझं म्हणणं.

महाड नगरपालिकेने तर सल्ला ऐकलासुद्धा. जानेवारी १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव तिने केला. तरी तीन वर्षं कुणी पाण्याला हात लावू शकलं नाही. कारण अडवणाऱ्याला शिक्षा नाही, अडवलेल्याने तक्रार कुठे करायची ते लिहिलेलं नाही, आणि तळ्यावर पोलीस उभा करण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. मार्च १९२७ च्या अस्पृश्यांच्या परिषदेसाठी महाडात ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, तेही कागदोपत्री खुल्या असलेल्या तळ्याच्या गावात.

बोलेंना ही उणीव कळली होती. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि बोर्डं पहिला ठराव अमलात आणायला नकार देतील, त्यांचं अनुदान रोखावं. तुमच्या प्रतिक्रियेत या दुसऱ्या ठरावाचा उल्लेखच नाही, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पण त्यातही दोन भोकं राहिली. अनुदान थांबलं की त्रास अख्ख्या गावाला, अडवणारे मात्र सुटे. दुसरं भोक मोठं: ‘नकार’ म्हणजे काय? महाडने नकार दिलाच नव्हता. ठराव मंजूर करून हातावर हात ठेवून बसलेल्या संस्थेला या कलमात पकडणार कसं? आजही ‘ठराव केलाय, अंमलबजावणी प्रगतीपथावर आहे’ हे उत्तर याच भोकातून बाहेर येतं.

आता सत्याग्रह विरुद्ध सभागृह ही तुमची मांडणी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, तेव्हा ते स्वतः मुंबई कायदेमंडळाचे नामनियुक्त सदस्य होते. शिवाय परिषदेचा मोर्चा ‘आम्हाला द्या’ म्हणत तळ्यावर गेला नाही. दिलेला आणि अडवलेला हक्क बजावायला गेला. हा फरक बोले ठराव आणि नगरपालिकेचा ठराव यांनी घडवला. विरोधकांनाही तो कळला होता. तळं १०८ घागरींनी ‘शुद्ध’ केलं, तो झाला धार्मिक भाग. पण ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर ४ वर्षं होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. निव्वळ पोकळ कागद रद्द करायला कुणी सभा बोलावत नाही.

मग डिसेंबरात विरोधकांचा दिवाणी दावा आणि कोर्टाची तात्पुरती मनाई. त्यामुळे दुसऱ्या परिषदेत पाणी घेता आलं नाही. उच्च न्यायालयाचा निकाल आला तो मार्च १९३७ मध्ये, आणि फिरला तो रूढीच्या मुद्द्यावर: अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलीय, हे वाद्यांना सिद्ध करता आलं नाही. तळं नगरपालिकेकडे येण्याआधी ते राखून ठेवण्याचा कुणी प्रयत्न तरी केला असेल का, याबद्दलच न्यायालयाला शंका होती. ‘ताबा कुणाचा’ हा बोलेंचा शब्द जवळजवळ चौदा वर्षांनी कोर्टातही असा कामी आला.

पुढच्या कायद्यांत ही भोकं एकेक करून बुजवलेली दिसतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट येतात ते ‘पूर्णतः किंवा अंशतः’ राज्याच्या पैशातून राखलेले, किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले. त्या ‘अंशतः’मुळे ‘बांधलं खाजगीत, दुरुस्ती तेवढी सरकारी’ ही सबब संपली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात शिक्षा आली. अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच केलं असं कोर्टाने गृहीत धरायचं, हेही आलं. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, आणि तिथे किमान शिक्षाही ठरली.

आता हायमास्टकडे येतो. आमदाराचा स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी. पैसा त्याच्या हातात येत नाही. तो शिफारसपत्र देतो, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं, यंत्रणा अंदाजपत्रक करते, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. समतेच्या दृष्टीने अडतं ते फार आधी, शिफारसपत्राच्या एका ओळीत. ‘अमुक समाजासाठी सभागृह’ असं लिहिलं, की जागा त्या समाजाच्या मंडळाची निघते, किल्ली एका घरात जाते, आणि सरकारी पैशातून गावात आणखी एक भिंत उभी राहते. प्रत्येक समाजाला एकेक सभागृह वाटून समता येते असं मानणारे आमदार सगळ्या पक्षांत आहेत. मला हा प्रकार निधीचा सर्वांत वाईट वापर वाटतो. तेच पत्र ‘ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर, सर्वांसाठी’ असं लिहून, जागेचा उतारा आणि नमुना ८ ची (ग्रामपंचायतीच्या मिळकत-आकारणी नोंदवहीतली) नोंद जोडून, वापराचे नियम ग्रामसभेत ठरवून दिलं, तर उद्या कुणी दार अडवलं तर तक्रारीला आधार मिळतो. स्मशानभूमीचं तसंच. शेड कुणाच्या स्मशानात पडते आणि रस्ता कुठल्या स्मशानापर्यंत जातो, हे अंदाजपत्रकातच ठरतं. काम सुरू झाल्यावर ओरडून काही होत नाही.

सभागृहातलं कामही संपलेलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ पासून लागू आहे. गुन्हा दखलपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपपत्रापासून ६ महिन्यांत खटला संपवण्याची अपेक्षा. अडचण पुराव्याची. वाळीत टाकल्याचा निर्णय कुणी लिहून ठेवत नाही. गिरणीत दळण परत येतं, देवळाची वर्गणी घेतली जात नाही, लग्नाचं बोलावणं फिरतं. म्हणून तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. नाकारलेली वर्गणी मनीऑर्डरने पाठवली, तर परतीचा शेरा हाच कागद होतो. आमदाराने यावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) विचारताना ‘किती गुन्हे नोंदले’ एवढंच विचारू नये. ‘६ महिन्यांत किती खटले निकाली निघाले, जिल्हावार’ असं विचारावं. मग मंत्र्याचं ‘तपासून कारवाई करू’ हे उत्तर आश्वासन समितीकडे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे पाहणाऱ्या समितीकडे, लावून धरता येतं.

तारखेची चूक तुम्ही बरोबर पकडलीत. लेखात ११ सप्टेंबर ही ठरावाची तारीख म्हणून पडली होती, ती सरकारी आदेशाची. दुरुस्त केली आहे, आणि १९२६ च्या ठरावावरचा परिच्छेदही तिथे जोडला आहे.